निर्जंतुक बाटलीतलं जास्तीचं फ्लोराइड : सोलापुरातलं एक प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्लास्टिकच्या बाटल्या काढणारा एक छोटा कारखाना आहे. मालक शहराच्या पूर्व भागातले. वडिलांच्या हयातीत घरात टॉवेलचे माग होते. यांनी माग विकले आणि ब्लो मोल्डिंगचं मशीन टाकलं. पाण्याचे नमुने घ्यायच्या २५० मिलिलिटरच्या पॉलिथिलीनच्या बाटल्या हा त्यांचा ठरलेला माल. जंतुतपासणीला बाटली निर्जंतुक लागते, म्हणून झाकण लावून, पिशवीत सील करून माल मुंबईकडं जातो, तिथं कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची २५ किलोग्रे मात्रा खातो आणि परत येतो. धंद्यातल्या बोलीत ‘माल गॅमा करून आणला’.

तक्रार आली ती पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेकडून, आणि जंतूंबद्दल नव्हतीच. त्यांचं म्हणणं असं : एकाच बोअरचं, एकाच वेळी भरलेलं पाणी साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये आणलं तर फ्लोराइड एक येतं आणि या गॅमा केलेल्या बाटलीत आणलं तर त्याहून जास्त येतं. एकदा नाही, दरवेळी.

नियमानं फ्लोराइडसाठी साधी स्वच्छ प्लास्टिकची बाटली वेगळी आणि जंतूंसाठी थायोसल्फेट (पाण्यातलं क्लोरिन निष्प्रभ करणारं) घातलेली निर्जंतुक बाटली वेगळी घ्यायची असते. पण मे महिन्यात, टँकर सुरू असताना, नमुने आणणारा पोरगा मोटरसायकलवर किती बाटल्या वाहणार? एकाच बाटलीत सगळं उरकायची सवय बऱ्याच ठिकाणी लागलेली असते. एरवी ती चालूनही जाते. इथं चालली नाही, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे. बाटलीनंच दोन-तीन दशांशांची भर घातली, तर पास होणारी बोअर कागदावर नापास होते.

मालकांचा मला फोन आला. “सर, बाटलीत फ्लोराइड येतंय कुठनं ओ? आम्ही तर त्यात काय घालतच नाही.” आणि लगेच, जरा आवाज खाली करून, “किरणं आत राहिलीत काय की?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्लास्टिकमधल्या अणूंचं केंद्रक फोडून ते किरणोत्सारी करायला ती पुरत नाही. बाटली किरणांखालून बाहेर आली की विषय संपला, तिच्यात किरणं साठून राहत नाहीत. पहिला प्रश्न मात्र खरा होता.

झाकण उघडल्यावर

बाटली, थायोसल्फेट, पिशवी, झाकण : या चौघांपैकी फ्लोरिन असलेला कोण? पॉलिथिलीन म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन. थायोसल्फेटमध्ये सोडियम, गंधक, ऑक्सिजन. पिशवी पुन्हा पॉलिथिलीनचीच. झाकण पॉलिप्रॉपिलीनचं. म्हणजे खरं तर फ्लोरिन कुठंच नको होतं.

झाकणाच्या आत चकती होती. आधी तिथं फोमची चकती असायची, पण वाहतुकीत गळतीच्या तक्रारी आल्या म्हणून मालकांनी ती बदलून सच्छिद्र टेफ्लॉनची जाड चकती बसवली होती. आणि टेफ्लॉन म्हणजे नुसता कार्बन आणि फ्लोरिन. झाकण कोरडं फिरताना करकरतं म्हणून कामगार बोटानं त्यावर लिक्विड पॅराफिन फिरवायचा. हे दोन्ही बदल एकाच महिन्यात झाले. दोन्ही मालकांच्या लेखी किरकोळ, त्यामुळं ते कुणाला सांगायचं राहून गेलं होतं.

गॅमा न केलेल्या बाटलीतली चकती मऊ, पांढरी, अपारदर्शक. जिथं पॅराफिन मुरलंय तिथं ती तेल लागलेल्या कागदासारखी अर्धपारदर्शक झालेली. हवेनं भरलेली छिद्रं तेलानं भरली की प्रकाश कमी विखुरतो, एवढंच त्याचं कारण. पण त्यावरून एक कळलं की तेल वरवर राहिलेलं नाही, चकतीच्या अंगात शिरलंय. गॅमा केलेल्या बाटलीतली चकती दोन बोटांत धरून वाकवली आणि ती बिस्किटासारखा आवाज न करता, गुपचूप, आरपार चिरली. नखानं खरवडलं तर पांढरी भुकटी. आणि वास : जुन्या, खवट तेलाचा.

“टेफ्लॉनला तर काय होत नाही म्हणतात,” मालक म्हणाले. म्हणतात ते खरंही आहे. आम्लात टाका, अल्कलीत टाका, २६० अंशांपर्यंत तापवा, टेफ्लॉन दाद देत नाही. म्हणूनच तर तव्यापासून गॅस्केटपर्यंत त्याची ख्याती. पण रसायनांना दाद न देणं आणि किरणांना दाद न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किरणांच्या बाबतीत टेफ्लॉन हे रोजच्या वापरातल्या सर्वांत नाजूक प्लास्टिकांपैकी एक आहे. हवेत काही किलोग्रे मात्रेतच त्याची ताकद घसरायला लागते. २५ किलोग्रे ही निर्जंतुकीकरणाची नेहमीची मात्रा त्याच्यासाठी जबर आहे. (लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून देतात ती मात्रा एका किलोग्रेच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत असते, त्यावरून अंदाज यावा.)

मालकांची पहिली शंका उष्णतेची होती : किरणांच्या गरमीनं चकती वितळली असेल. हिशेब करून पाहू. २५ किलोग्रे म्हणजे किलोला २५ हजार जूल, ग्रॅमला २५ जूल. एक ग्रॅम टेफ्लॉन एका अंशानं तापायला साधारण एक जूल लागतो. म्हणजे सगळी उष्णता आतच कोंडून राहिली तरी तापमान फार तर २५ अंशांनी वाढेल. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना. सोलापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी चकतीला यापेक्षा फार कमी ताप होत नसावा. उष्णता निर्दोष.

मजबूत बंध तुटतो कसा

कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध सेंद्रिय रसायनात भक्कम म्हणून ओळखला जातो. मोलला सुमारे ४८५ किलोजूल. एका बंधाच्या हिशेबात हे होतात पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एका गॅमा फोटॉनकडं सरासरी साडेबारा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. अडीच लाख पट. इतक्या तफावतीत बंध भक्कम की कच्चा, हा प्रश्नच गौण ठरतो. फोटॉन पदार्थातून इलेक्ट्रॉन उडवत जातो, ते इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन उडवतात, आणि मागं राहतात आयन, उत्तेजित रेणू आणि तुटक्या टोकांचे मूलक. बंध भक्कम असो नसो, ऊर्जा सगळ्यांच्या अंगावर पडते. प्रश्न उरतो तो तुटलेली टोकं पुढं काय करतात हा.

पॉलिथिलीनमध्ये तुटलेली टोकं शेजारच्या साखळीला जाऊन चिकटतात. साखळ्यांचं जाळं होतं, प्लास्टिक उलट घट्ट होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्सबी यांनी १९५२च्या सुमारास हे दाखवलं आणि आज वायरींची वेष्टणं, उष्णतेनं आकसणाऱ्या नळ्या याच तत्त्वावर बनतात. टेफ्लॉनमध्ये साध्या तापमानाला तसं होत नाही. तिथं साखळी तुटते आणि तुटलेलीच राहते. शिवाय टेफ्लॉनच्या साखळ्या अवाढव्य लांब असतात आणि त्या लांबीवरच त्याची ताकद उभी असते. ५० लाख रेणुभाराची साखळी धरली तर किलोभर टेफ्लॉनमध्ये ०.२ मिलिमोल साखळ्या. दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागं एक तोड धरली (या प्रमाणाला जी-मूल्य म्हणतात) तर २५ किलोग्रेमध्ये किलोमागं २.६ मिलिमोल तोडी होतात. म्हणजे प्रत्येक साखळीवर सरासरी १३ घाव. रासायनिक विश्लेषणात हा बदल शोधूनही सापडणार नाही इतका बारीक आहे, पण हाताला चकती चिरलेली लागते. टाकाऊ टेफ्लॉनला मोठी मात्रा देऊन त्याची बारीक पावडर करण्याचा उद्योगच आहे; आपल्या मालकांनी नकळत तेच छोट्या प्रमाणात केलं.

इथवर चकती का चिरली ते कळलं. पण पाण्यात फ्लोराइड का, हे अजून कळलेलं नाही. कारण टेफ्लॉन एकटं असेल तर तुटलेला फ्लोरिन अणू जाणार कुठं? आजूबाजूला सगळे कार्बन-फ्लोरिनच. तिथून तो काही ओढून घेऊ शकत नाही. बराचसा जिथून निघाला तिथल्याच मूलकाशी पुन्हा जोडला जातो. म्हणून शुद्ध फ्लोरोकार्बन (नुसत्या कार्बन-फ्लोरिनचे) द्रव किरणांखाली ठेवले तर मुक्त फ्लोराइड कमीच मिळतं.

शेजारी हायड्रोकार्बन, म्हणजे पॅराफिनसारखा कार्बन-हायड्रोजनचा पदार्थ, आला की गणित बदलतं. हायड्रोजन-फ्लोरिन बंध मोलला ५७० किलोजूलच्या आसपास, कार्बन-हायड्रोजन बंध ४१०च्या आसपास. फ्लोरिनच्या अणूला पॅराफिनमधला हायड्रोजन दिसला की तो त्याला ओढून घेतो, दीडशेहून जास्त किलोजूल मोकळे करतो आणि हायड्रोजन फ्लोराइड होऊन बसतो. आता तो परत टेफ्लॉनला जोडला जाणार नाही.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनची आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. शुद्ध सायक्लोहेक्झेनसारख्या हायड्रोकार्बनमध्ये उडालेला इलेक्ट्रॉन थोडं भटकून परत आपल्या धन आयनाकडं येतो, रेणू उत्तेजित होतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागं सुमारे ५.६ रेणू. त्यात थोडंसं परफ्लुओरो संयुग (सगळ्या हायड्रोजनांच्या जागी फ्लोरिन असलेलं) मिसळा. परतीच्या वाटेवरचा इलेक्ट्रॉन ते मध्येच पकडतं. हायड्रोजन वायूचं प्रमाण घसरतं आणि त्याच्या जागी हायड्रोजन फ्लोराइड दिसायला लागतं. म्हणजे ऊर्जा पडली हायड्रोकार्बनवर आणि बंध तुटला फ्लोरोकार्बनचा. निम्मा हा, निम्मा तो असं मिश्रण केलं तर परिणामही निम्मा-निम्मा येईल, हा सरळ हिशेब इथं चुकतो. थोड्या टक्क्यांचं मिश्रणही शुद्ध द्रवापेक्षा खूप वेगळं वागतं.

यात एक गंमत आहे, ती सोलापूरकरांना जवळची वाटेल. फ्लोरोकार्बन आणि हायड्रोकार्बन एकमेकांत सहज मिसळत नाहीत. हेक्झेन आणि परफ्लुओरोहेक्झेन यांचे २२-२३ अंशांच्या खाली दोन थर होतात, वर ते कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. म्हणजे आपल्याकडं वैशाखात बाकावर ठेवलेली नळी एकसंध दिसेल आणि जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे त्याच नळीत रेघ दिसेल. दोन थर झाले की इलेक्ट्रॉन पकडण्याचा खेळ थरातल्या विरघळलेल्या भागापुरता आणि सीमेपुरता उरतो. तापमान न लिहिता अशा मिश्रणांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. आपल्या चकतीत पॅराफिन टेफ्लॉनमध्ये विरघळलेलं नव्हतंच, पण सच्छिद्रपणामुळं दोघांच्या संपर्काचं क्षेत्रफळ प्रचंड होतं. चकती भरीव असती तर एवढा त्रास झाला नसता असा माझा कयास आहे.

तपासणी

हे सगळं कागदावर पटत असलं तरी बाटलीत तेच घडतंय याची खात्री हवी. मालकांच्या पुढच्याच खेपेत वेगवेगळ्या मांडणीच्या बाटल्या घुसवल्या : चकतीशिवाय, पण पॅराफिन लावलेली, कोरडी चकती, पॅराफिन मुरवलेली चकती. प्रत्येकीची जोडीदार सोलापुरातच ठेवली, गॅमा न करता. माल परत आल्यावर सगळ्यांत ऊर्ध्वपातित पाणी भरून, हलवून, एक रात्र ठेवलं आणि फ्लोराइड इलेक्ट्रोडनं मोजलं.

दोन काळज्या घ्याव्या लागतात. एक, काचेची भांडी टाळायची. हायड्रोजन फ्लोराइड काच खातं, फ्लोरिन सिलिकॉनला जाऊन बसतं आणि खरा आकडा दडतो. जुन्या पद्धतीनं काचेच्या कुपीत सील करून असे नमुने किरणांखाली ठेवणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. दुसरी, मोजण्याआधी ठरलेलं बफर घालून पीएच पाच-साडेपाचच्या दरम्यान आणायचा. फार आम्ल असेल तर फ्लोराइड हायड्रोजनला बांधलेलं राहतं आणि इलेक्ट्रोडला दिसत नाही.

गॅमा न केलेल्या एकाही बाटलीत फ्लोराइड नाही. गॅमा केलेल्या, नुसत्या पॅराफिनच्या बाटलीला वास खवट, पण फ्लोराइड नाही. असायचं कारणही नव्हतं. तेलाच्या मूलकांना हवेतला ऑक्सिजन चिकटून पेरॉक्साइडं आणि कीटोनं झाली, वास त्यांचा. कोरड्या चकतीत थोडं फ्लोराइड. पॅराफिन मुरलेल्या चकतीत त्याहून स्पष्टपणे जास्त. पॅराफिनमध्ये फ्लोरिनचा कणही नसताना त्याच्यामुळं फ्लोराइड वाढलं, एवढ्या एका निरीक्षणावर प्रकरण उलगडतं.

कोरड्या चकतीतलं थोडं फ्लोराइड हवेच्या वाटेनं आलेलं. तुटक्या टोकाला ऑक्सिजन लागतो, त्यातून कार्बोनिल फ्लोराइड सुटतो आणि दमट हवेत त्याचे हायड्रोजन फ्लोराइड व कार्बन डायऑक्साइड होतात. टेफ्लॉनमध्ये अडकलेले हे मूलक महिनोन्महिने टिकतात. म्हणून तीच चकती काही आठवड्यांनी तपासली तर ती आणखी ठिसूळ झालेली होती. किरणं कधीच थांबलेली, पण त्यांनी लावून दिलेलं काम गोदामात चालूच.

आकडा जुळतो का? जी-मूल्य एक धरलं तर २५ किलोग्रेमध्ये किलोमागं २.६ मिलिमोल, म्हणजे सुमारे ५२ मिलिग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड. ग्रॅमभराच्या चकतीत ०.०५ मिलिग्रॅम. ते २५० मिलिलिटर पाण्यात उतरलं की लिटरला ०.२ मिलिग्रॅम. हायड्रोकार्बनच्या सान्निध्यात जी-मूल्य एकाहून वर जाऊ शकतं, तसा हा आकडाही वर जाईल. प्रयोगशाळेला दिसणारा फरक याच घरातला होता. एवढं फ्लोराइड पिणाऱ्याला इजा करणारं नाही, पण १.५च्या रेघेवर बसलेल्या बोअरचा निकाल फिरवायला पुरेसं आहे.

उपाय, आणि एक न घेतलेला उपाय

मालकांनी पुरवठादारांकडून घेतलेली पत्रकं व्यवस्थित फाइलला लावलेली होती. पॉलिथिलीनचं पत्रक सांगतं, किरणांना चांगलं. टेफ्लॉनचं पत्रक रसायनांच्या लांबलचक यादीपुढं ‘परिणाम नाही’ असं छापतं. पॅराफिन तर औषधी दर्जाचं. एकाही पत्रकात खोटं काही नव्हतं. तिन्ही वस्तू एका झाकणाखाली, किरणांत, हवेसकट ठेवल्या तर काय होईल, हे मात्र कुठलंच पत्रक सांगत नाही आणि विचारल्याशिवाय पुरवठादारही सांगत नाही.

एका पुरवठादारानं तोडगा सुचवला : टेफ्लॉनऐवजी पीव्हीडीएफ या फ्लोरिनवाल्याच दुसऱ्या प्लास्टिकची चकती. ऐकायला बरोबर. पीव्हीडीएफ किरणांत चिरत नाही, पॉलिथिलीनसारखं जाळं करतं, ताकद टिकवतं. पण त्याच्या साखळीतच हायड्रोजन आणि फ्लोरिन शेजारी-शेजारी बसलेले असतात. किरणांत त्याच्यातूनही हायड्रोजन फ्लोराइड सुटतं. पंपाच्या गॅस्केटला ते चालेल, फ्लोराइड मोजायच्या बाटलीला नाही. चकती शाबूत राहिली असती आणि आकडा तरीही चुकला असता. वर चिरलेल्या चकतीची खूणही मिळाली नसती.

शेवटी चकतीच काढून टाकली. झाकणाच्या आतल्या बाजूला साच्यातच ओठ काढून घेतला, तो बाटलीच्या तोंडात घट्ट बसतो. साचा बदलायचा खर्च मालकांना जड गेला आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं : “चकतीत वाचवायला गेलो अन् साच्यात गेलं की ओ.” पॅराफिन बंद. गॅमा तसंच चालू, कारण पॉलिथिलीनच्या बाटलीला ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेचे) १२१ अंश झेपत नाहीत आणि इथिलीन ऑक्साइडनं केलं तर त्याचा अवशेष निघून जायची वाट बघत माल अडकून राहतो. पॅराफिन लावलेल्या टेफ्लॉन चकतीच्या बाटल्यांचा उरलेला साठा ‘जंतुतपासणीपुरता’ असं लेबल लावून विकायचा बेत होता, पण चकतीची भुकटी नमुन्यात पडत असताना तो माल कशालाच द्यायला नको, असं मी सांगितलं आणि त्यांनी तो भंगारात घातला.

प्रयोगशाळेनं त्या काळात नापास ठरवलेल्या बोअरचे नमुने साध्या कॅनमधून पुन्हा आणले. रेघेवरच्या काही बोअर पास झाल्या, त्यांचे अहवाल बदलून ग्रामपंचायतींना पाठवले. काहींचं फ्लोराइड कॅनमध्येही १.५च्या वरच आलं. तिथलं पाणी खरोखरच तसं आहे, आणि त्या गावांचे टँकर चालू ठेवायची शिफारस अहवालात तशीच राहिली.